धुऱ्यावरचा पळस, जपानी रीतीने

माघ सरत आला की भंडारा जिल्ह्यात धुऱ्याधुऱ्यावर पळस फुलतो. लाखनी-साकोलीकडे जाताना धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या, मध्ये एखादी बोडी आणि कडेला निष्पर्ण फांद्यांवर केशरी फुले. मोबाइलमध्ये त्याचे फोटो सगळ्यांकडेच असतात. हा लेख त्याच पळसाचे चित्र लाकडावर कोरून, पाण्यात कालवलेल्या रंगाने, हाताने घासून कसे छापायचे ते सांगण्यासाठी आहे. रीत जपानची आहे, पण सामान बरेचसे आपल्याच घरात, रानात आणि सुतारशाळेत सापडते. या छपाईत रंगाला चिकटपणा देतो तो तांदूळ, आणि धानाच्या या जिल्ह्यात त्याची उणीव नाही.

जपान आपल्याला वाटतो तेवढा दूर नाही. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष सापडले. तिथून जवळच रुयाडला जपानी बौद्धांच्या साहाय्याने महासमाधीभूमीचा स्तूप उभा राहिला. जपानमध्ये छपाई पोहोचली ती बौद्ध धर्माबरोबरच. आठव्या शतकात, साधारण ७६४ ते ७७० या काळात, तिथल्या सम्राज्ञी शोतोकू यांनी लहान लहान लाकडी स्तूप मोठ्या संख्येने करवले आणि प्रत्येकाच्या पोटात मंत्राची छापील पट्टी ठेवली. फुलांची चित्रे पुष्कळ शतकांनी आली.

ती कशी आली हे समजून घेतले तर आपले काम सोपे होते. १७६५ साली एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, हौशी कवींच्या मंडळांनी एकमेकांना भेट देण्यासाठी चित्रमय दिनदर्शिका छापवून घेतल्या. जुन्या जपानी पंचांगात काही महिने तीस दिवसांचे, काही एकोणतीस दिवसांचे, आणि त्यांचा क्रम दरवर्षी बदलायचा. मोठ्या-छोट्या महिन्यांचे आकडे वस्त्राच्या नक्षीत किंवा कुठल्या तरी वस्तूत खुबीने लपवलेले असत. तोपर्यंत दोन-तीन रंगांवर भागवले जाई. या दिनदर्शिकांच्या निमित्ताने चित्रकार सुझुकी हारुनोबु आणि त्याच्या कारागिरांनी एका चित्रासाठी अनेक लाकडी ठसे वापरून भरपूर रंगांची छपाई पक्की केली. ही बहुरंगी चित्रे जन्मली तीच काळ मोजण्याच्या कामातून. म्हणून त्यांत नुसते ‘फूल’ सहसा नसते. अमुक जागचे, अमुक दिवसांतले फूल असते. मला वाटते, त्यांच्याकडून घ्यायचे ते एवढेच. साकुरा, म्हणजे जपानी चेरी, छापत बसू नका. ती आपल्या परसात फुलत नाही, तिच्या कळीपासून गळण्यापर्यंतचे आपण काही पाहिलेले नाही.

कोरायला बसण्याआधी चांगली चित्रे नीट पाहा. जपानी ठसाचित्रकार हिरोशिगेची ‘एदोची शंभर प्रसिद्ध स्थळे’ ही १८५६ ते १८५८ मधली मालिका न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमच्या संकेतस्थळावर पाहता येते. तिच्यातले कामेइदोच्या प्लमबागेचे १८५७ चे चित्र काढा. बागेतले सगळ्यांत नामांकित झाड त्याने इतके जवळून घेतले आहे की खोड कागदाबाहेर निघून जाते. त्याच्या फांद्यांच्या फटीतून मागची बाग आणि बोटाच्या पेराएवढी माणसे दिसतात. आकाश तांबडे, जमीन हिरवी. व्हॅन गॉखने १८८७ मध्ये याच चित्राची तैलरंगात नक्कल केली. आता मालिकेतले कामेइदो तेंजिन देवळाचे चित्र पाहा: वरच्या कडेपासून विस्टेरियाचे घोस लोंबतात, खाली कमानदार पूल आणि पाणी. मग होरिकिरीच्या बागेतले आयरिस, नजरेच्या अगदी पुढ्यात. दुसरा ठसाचित्रकार होकुसाई, त्याची मोठ्या फुलांची मालिका साधारण १८३३-३४ ची. तिच्यातली वाऱ्याने कललेली खसखशीची फुले पाहिली की स्थिर कागदावर वारा कसा दाखवतात ते समजते: देठ एका बाजूला कललेले.

पाहताना वही जवळ ठेवा. प्रत्येक चित्रात रंग किती ते मोजा. आठ-दहा वाटतात, पण एकच निळा गडद-फिका करून तीन ठिकाणी वापरलेला असतो. पांढरा कुठे आहे तेही पाहा. बहुतेक वेळा तो कोराच सोडलेला कागद असतो.

आपल्या राज्याशी या कलेचे थेट नातेही आहे. योशिदा हिरोशी हा ठसाचित्रकार १९३०-३१ च्या सुमारास भारतात फिरला आणि १९३१ मध्ये त्याने अजिंठ्याच्या लेण्याचे ठसाचित्र केले. ताजमहालाच्या बागेची त्याची चित्रेही याच फेरीतली. त्याचे नाव पुढे पुन्हा येईल.

आता फुलांची निवड. झाडीपट्टीचे वर्ष या कामाला फार सोयीचे आहे. पौषात, धान उभे असतानाच बांधीत फेकलेली लाखोळी निळी फुलते, जवसही निळा. नंतर काटेसावर: पाने झडलेल्या झाडावर लालभडक जाड पाकळ्या आणि त्यांत चोच खुपसणाऱ्या साळुंक्या. फूल आणि पाखरू एकत्र दाखवण्याचा जपानी चित्रांचा प्रकारच आहे, त्याला सावरीइतका जवळचा विषय आपल्याकडे दुसरा नाही. फाल्गुनात पळस, चैत्रात मोह. मोहाचे फूल झाडावर फारसे दिसत नाही, पहाटे ते खाली पडलेले दिसते. म्हणून मोह छापताना झाडाचे फक्त बूड घ्या, जमिनीवर फुलांचे ठिपके आणि टोपली घेऊन वाकलेली बाई. वैशाखात बहावा. हिरोशिगेचे विस्टेरियाचे चित्र पाहून तुमच्या हे लक्षात आलेच असेल: पिवळे घोस वरून सोडा, खाली मालगुजारी तलावाची पाळ आणि पाण्याची एक पट्टी. पावसाळ्यात कुडा आणि कळलावी, मग तलावातले कमळ. शरदात पाण्याकाठचा कास. जपानातही आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला अशाच गवताचे तुरे फुलदाणीत ठेवून चंद्र पाहतात, म्हणजे तिकडची शेकडो चित्रे अभ्यासाला मिळतील. पुढे झेंडू, शेवंती आणि तुरीची पिवळी फुले.

बागेच्या चित्रासाठी मोठी बाग लागत नाही. सांदवाडीतली जास्वंद, विहिरीकडे जाणारी फरशी, कुंपणावर चढलेला दोडका एवढ्यात चित्र होते. जपानी बागेचे वळण प्रत्यक्ष पाहायचे असेल तर पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात एक सकाळ काढा. ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून ते आखले आहे. वाट वळली की दृश्य झाकते आणि पुढच्या वळणावर पुन्हा उघडते. ठसाचित्रात पुढची फांदी मागचे दृश्य झाकते, ते याच विचाराने.

फुलांचे रेखाटन रानात जाऊनच करा, फोटोवरून नको. कोका अभयारण्यातून मात्र फूल-फांदी तोडून आणू नका. धुऱ्यावरचा पळस पुरेसा आहे.

पहिले चित्र पोस्टकार्डाएवढे असू द्या, दहा सेंटिमीटर बाय पंधरा. पळसच घेऊ. फुलाचे आकार पोपटाच्या चोचीसारखे वाकडे, देठाकडे काळपट तपकिरी मखमली टोपी. ही टोपी विसरली तर फूल पळसाचे वाटत नाही. एक फांदी कागदाच्या उजव्या कडेतून आत आणा, फुलांचे दोनच झुबके ठेवा. मागे बांधीच्या आडव्या रेषा आणि दूर एक धुरा. याचे चार ठसे होतील. पहिला रेषांचा: फांदी, टोप्या, फुलांच्या कडा, गडद तपकिरी. दुसरा केशरी. तिसरा आकाशाचा, वर निळा आणि खाली विरत गेलेला. चौथा बांधीतल्या वाळल्या धसकटांचा फिका पिवळा. यापेक्षा जास्त ठसे पहिल्या वेळी करू नका. रंग कमी असले म्हणजे कुठला आकार दुसऱ्याला धरून ठेवतो हे आपोआप ठरवावे लागते, आणि चित्राची अर्धी गुणवत्ता तिथेच येते.

लाकूड हा सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय. जपानी कारागीर डोंगरी चेरीचे लाकूड वापरत, कारण ते कठीण आणि बारीक पोताचे असते. आपल्याकडे रेषांच्या ठशाला हळदू उत्तम: पोत बारीक, एकसारखा, रेषा तुटत नाही. रंगांच्या ठशांना शिवण घ्या. ती मऊ, हलकी, आणि वाळल्यावर फारशी वाकत नाही. सागवान हाताशी असते म्हणून मोह होतो, पण त्याचा पोत जाड आणि ते पात्याची धार लवकर खाते. आरामशीनवर किंवा सुताराकडे छाट मागा, जुने वाळलेले, गाठ नसलेले, दोन सेंटिमीटर जाडीचे. फळी उभ्या चिरणीची हवी, म्हणजे तंतू पृष्ठभागाला समांतर. रंधा मारून सपाट करून घ्या. हे जमले नाही तर चांगल्या प्रतीच्या प्लायवूडवर सुरुवात करायलाही हरकत नाही. त्यात बारीक रेषा उडतात, मोठे आकार ठीक येतात.

रेखाटन पातळ कागदावर उतरवा आणि तो कागद पालथा, चित्राची बाजू लाकडाकडे करून, तांदळाच्या खळीने चिकटवा. छापल्यावर चित्र सुलट यावे म्हणून हे करायचे. खळ अर्धवट वाळली की बोटाने पाठीचा थर हलकेच चोळून काढा, वर तेलाचा थेंब फिरवा, रेषा लख्ख दिसतात. पाते रेषेच्या दोन्ही बाजूंनी बाहेरच्या अंगाला तिरके चालवा. रेषेचे बूड रुंद आणि माथा अरुंद राहिला पाहिजे. सरळ खाली कापले तर दुसऱ्या-तिसऱ्या छपाईला रेषा मोडते. मग गोल पटाशीने मधला भाग उकरा, रेषेजवळ दोन-तीन मिलिमीटर, लांब गेलात की जास्त खोल. दुसरा हात कायम पात्याच्या मागे. लहान मुलांच्या हाती लाकूड आणि धारदार पाते देऊ नका. त्यांना लिनोलियम किंवा जाड पुठ्ठा कापून चिकटवलेले ठसे पुरतात.

चारही रंग एकमेकांवर अचूक बसतात ते खुणेच्या दोन खाचांमुळे. या रीतीतली सगळ्यांत हुशारीची गोष्ट मला हीच वाटते. फळीवर चित्राबाहेर, खाली उजव्या कोपऱ्यात काटकोनी खाच, आणि त्याच खालच्या बाजूला डावीकडे एक आडवी खाच. कागदाचा कोपरा पहिल्या खाचेत, कड दुसऱ्या खाचेला टेकवायची. रेषांचा ठसा कोरला की खाचांसकट त्याच्या तीन छापा काढा आणि प्रत्येक छाप एकेका रंगाच्या फळीवर पालथी चिकटवा. आता प्रत्येक फळीवर संपूर्ण चित्र आणि खाचा एकाच मापात आल्या. केशरीच्या फळीवर केशरी तेवढे ठेवा, बाकी उकरून टाका. कितीही रंग असोत, ते जुळतात.

खळ अशी करा: चमचाभर तांदळाचे बारीक पीठ सहा-सात चमचे थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा आणि मंद आचेवर ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन ती पारदर्शक आणि दाट झाली की उतरवा, गाळून घ्या. रोज ताजी करा, दमट दिवसांत एका रात्रीत आंबते.

रंगांबद्दल एक कळकळीची सूचना. पळसाच्या चित्राला पळसाचाच रंग वापरावा असे मनात येते, पण तो उजेडात उडतो. जपानी कारागिरांनाही हे दुखणे होते. त्यांचा लाल करडईच्या पाकळ्यांचा, पिवळा काही वेळा हळदीचा, आणि एक निळा तर आपल्या शेतातल्या केन्याच्या कुळातल्या फुलाचा. त्या काळच्या पुष्कळ चित्रांतले आकाश आज पिवळट दिसते ते तो निळा विरल्यामुळे. १८३० च्या आसपास प्रशियन ब्लू स्वस्तात मिळू लागला आणि होकुसाई-हिरोशिगेच्या हाती टिकाऊ निळा आला. तुम्ही गेरू, पिवळी माती, काजळ हे खलून घ्या, आणि केशरी-निळ्यासाठी चांगल्या कंपनीचे ट्यूबमधले जलरंग आणा. हरताळ जुन्या चित्रांत वापरलेला आहे, पण तो विषारी आहे; घरात आणू नका.

कागद लांब धाग्याचा लागतो, ओला असताना घासणे सोसणारा. जपानी कागद कोझो झुडपाच्या सालीचा असतो. नेपाळी लोक्ता कागद त्याच्या सर्वांत जवळचा. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा सुती हातकागदही चालतो, थोडा जाड असतो एवढेच. शाळेतला ड्रॉइंग पेपर घासताना लव सोडतो. कागदावर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच शोषला गेला तर पातळ सरसात चिमूटभर तुरटी घालून कागदावर एक हात द्या आणि वाळवा.

छपाईच्या आदल्या रात्री कागद ओलसर वर्तमानपत्रांच्या थरांत ठेवून वर प्लास्टिक गुंडाळा. सकाळी तो गार आणि लवचीक लागला पाहिजे, पाणी चमकता कामा नये. फळी ओल्या फडक्याने पुसा. ब्रशने रंगाचे दोन-तीन थेंब आणि खळीचा हरभऱ्याएवढा गोळा ठेवा, दोन्ही पसरा, शेवटचे हात लाकडाच्या तंतूंच्या दिशेने. बुटाचा मऊ नवा ब्रश या कामाला छान. कागद खाचांना टेकवून अलगद सोडा आणि पाठीवरून घासा. घासायचे जपानी साधन बांबूच्या दोराची चकती करून त्यावर बांबूच्या कोंबाचे वाळके आवरण ताणून बांधलेले असते. बांबूकाम करणाऱ्यांकडून असे रुंद आवरण मागून घेता येईल. ते भिजवून मऊ करा, तळहाताएवढ्या लाकडी चकतीवर सुती दोरी गोल गोल चिकटवून त्यावर ताणा, मागे गाठ मारा, खोबरेलाचे बोट फिरवा. तोवर भंडाऱ्याच्या पितळी वाटीचे गुळगुळीत बूड घ्या, मध्ये एक पातळ कागद ठेवून. जोर खांद्यातून आला पाहिजे, मनगटातून नको.

छाप उचलल्यावर रंगात तिळासारखे पांढरे ठिपके दिसले तर खळ कमी आहे किंवा जोर कमी पडला. कडांना रंग साचला तर पाणी जास्त झाले. आधी रेषांचा ठसा, मग फिके रंग, गडद शेवटी. आकाश विरवण्यासाठी फळीचा खालचा भाग पाण्याने ओला करा, ब्रशच्या एकाच कडेला निळा लावा आणि वरच्या काठाने आडवा ओढा. पाण्याकडे जाताना रंग आपोआप फिका होतो. हे जमायला कागद वाया जातील, जाऊ द्या. कुड्याच्या पांढऱ्या फुलासाठी रंग लावूच नका: पाकळ्यांचा ठसा कोरा ठेवून ओला कागद त्यावर नीट दाबा, उठाव येतो. हारुनोबुच्या काळातही ही युक्ती वापरत.

आता हवामान, आणि याचा विचार आपल्याला जपानी पुस्तकात मिळणार नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. ओला कागद हातात धरेपर्यंत वाळतो, रंग फळीवरच सुकतो. म्हणून वर्षाची वाटणी अशी करा: माघ-फाल्गुनात रानात रेखाटन, उन्हाळ्याच्या दुपारी घरात बसून कोरीव काम, आणि छपाई रोवणी आटोपल्यानंतर, श्रावणात. तेव्हा हवाच कागदाला ओलसर ठेवते. त्याच दमटपणाने लाकूडही थोडे फुगते, तेव्हा एका चित्राचे चारही रंग एकाच आठवड्यात संपवा, नाहीतर खाचा जुळूनही रंग सरकतील. छापलेले कागद एकमेकांवर रचून ठेवू नका, बुरशी धरते. दोरीवर चिमट्याने लावा आणि मग पुठ्ठ्यांमध्ये दाबा. दिवाळीला पाठवायला हाती पत्रे तयार असतात.

शाळेतल्या चित्रकला शिक्षकांना एक सांगावेसे वाटते. जपानमध्ये हे काम एकट्याचे नव्हते. चित्रकार रेखाटन करी, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, आणि पैसा व निवड प्रकाशकाची. वर्गाचीही अशीच वाटणी करा. रेखाकलेच्या परीक्षेत मागे राहणारा एखादा मुलगा रंग छापताना सगळ्यांच्या पुढे असतो, कारण तिथे लागतो तो धीर आणि हाताचा अंदाज. बारा महिन्यांची बारा फुले घेतली तर गावाची दिनदर्शिका होते. प्रत्येक पानावर फुलाबरोबर जागेचे नावही कोरा: अमुक तलावाची पाळ, अमुक टोलीचा रस्ता.

छपाई संपली की ठसे लगेच पाण्याने धुवा, खळ राहिली तर कीड लागते. सावलीत, उभे टेकवून वाळवा. उन्हात टाकले तर तडकतात. वर्तमानपत्रात गुंडाळून, नाव-तारीख लिहून ठेवा. फेकू नका, कारण काम अजून संपलेले नाही. योशिदाने १९२६ मध्ये शिडाच्या होड्यांचे एकच दृश्य तेच ठसे ठेवून, रंग बदलून, सकाळ, धुके, रात्र अशा वेगवेगळ्या वेळांचे छापले. तुमच्या चार फळ्यांवरही पुढच्या श्रावणात आकाशाला निळ्याऐवजी जांभळा आणि बांधीला राखाडी द्या, केशरीत गेरू मिसळा. तोच पळस संध्याकाळचा होईल.